अजून न आलेलं अक्षर

त्या वर्षी गरम वारे लवकर सुटले आणि ताडाचा रस झाडावरच आंबायला लागला. वुथा पहाटे बांबूच्या शिडीवरून चढून रसाची नळकांडी उतरवी आणि कमरेच्या आकड्याला अडकवून खाली आणी, तेव्हाच त्यांच्या तोंडाशी फेस आलेला असे. थावी बोट बुडवून चाटे आणि थुंकून टाकी. रस टिकावा म्हणून नळकांड्यांत सालीचे तुरट तुकडे जास्त घालून झाले, नळकांडी धुरावर धरून झाली, पण रस काही वळणावर येईना. मग तोच रस कढईत ओतायचा. दुपारपर्यंत चुलाणात भाताचं तूस आणि वाळक्या झावळ्या सारत राहायचं, धुराने डोळे सुजवून घ्यायचे, आणि शेवटी लाकडी दांड्याने घोटायला बसावं तर गूळ बसतच नसे. खांद्यातून कळा येईपर्यंत घोटलं तरी कढईत नुसती काकवी. व्यापारी येई, पळी उचलून धार बघे आणि न बोलता मान हलवी. थावीला ती मान शिवीपेक्षा जास्त लागे.

तिच्या दुःखाला आणखी एक कड होती. चिंचेच्या पलीकडे योएनचं चुलाण होतं आणि योएनचा गूळ बसत होता. तेच वारे, तेच रान, ताडही एकाच बांधावरचे. तरी संध्याकाळी योएन ताडपानांच्या कड्यांत पाक ओताना दिसे आणि सकाळी त्यातून पिवळ्या चकत्या निघत. थावी तिकडे न बघण्याचा प्रयत्न करी आणि बघे.

दोघींच्या पोरी एकाच वयाच्या. थावीची मालिस आणि योएनची पिच एकाच दिवशी शाळेत गेल्या, पण एका खोलीत बसल्या नाहीत. स्रे ख्लोंग गावच्या शाळेत त्या वर्षी पहिलीच्या दोन खोल्या केल्या होत्या. कोण कुठे बसणार ते मुख्याध्यापकांनी चिठ्ठ्या टाकून ठरवलं. पिच गेली सिम गुरुजींच्या खोलीत. सिम गुरुजींनी अर्ध्या गावाला शिकवलेलं, त्यांचा आवाज भातखाचरापर्यंत ऐकू येई. मालिस गेली कानिका बाईंच्या खोलीत. कानिका बाई नवीन. शहरातून मोटरसायकलवर येत, डोक्यावरचं हेल्मेट काढून खिडकीत ठेवत आणि मग शाळा भरे.

संध्याकाळी पिच झावळ्या ओढत आणताना गाणं म्हटल्यासारखी अक्षरं म्हणे. कॉ, खॉ, को, खो, ङो. मग पुढची ओळ, मग त्याच्या पुढची. योएन चुलाणापाशी बसून मान डोलवी. मालिस मात्र गप्प. थावीने एकदा तिला म्हणायला लावलं तर पहिल्या ओळीतच अडखळली. मग काय शिकवतात, असं विचारल्यावर म्हणाली, आज म शिकलो, मागे न शिकलो, स शिकलो, आणि त्यांना आ लावला की काय होतं ते शिकलो. म हे अक्षर ओळीत किती मागे येतं ते थावीला पाठ होतं. थावी दोन वर्षं शाळेत गेली होती आणि आजही सगळी अक्षरं तिला ओळीने येत. वाचता येत नसे, पण ते वेगळं. तिची शाळा लवकर सुटली होती. घर बांधायचं तर कोणी छपरापासून सुरुवात करत नाही, एवढं तिला कळत होतं.

म्हणून एके सकाळी कढई चढवायच्या आधी ती शाळेच्या मागून गेली. तळ्यावर पाण्याला जायचं निमित्त होतं. सिम गुरुजींच्या खोलीतून सगळी पोरं एका सुरात ओरडत होती, ऐकून छाती भरून यावी अशी. पलीकडच्या खोलीत पोरं जमिनीवर बसली होती आणि प्रत्येकापुढे खडे होते. कानिका बाई एक शब्द म्हणत, पोरं त्याचे तुकडे करून एकेका तुकड्याला एकेक खडा पुढे सरकवत. नुसते आवाज. तोंडाने स्स्स, म्म्म. एका पोराने खडा नाकात घालायला घेतला. मग बाईंनी पुस्तक उघडलं आणि पानावरचं चित्र चक्क हाताने झाकलं. पोरांना बघू दिलं नाही. थावीने घागर कमरेवरून खाली ठेवली आणि बराच वेळ बघत राहिली. घरी आल्यावर वुथाला म्हणाली, ती बाई शिकवत नाही, खेळवते. आणि चित्र झाकते. वुथा सुरी परजत होता. म्हणाला, असेल काहीतरी. वुथाचं सगळ्याला असेल काहीतरी.

माघ सरत आला तेव्हा शहरातून आणखी एक बाई आली. कोणी म्हणे सरकारची, कोणी म्हणे परदेशी पैशाची. तिने आंब्याखाली खुर्ची टाकली आणि एकेका पोराला बोलावून घेतलं. आईबापांना जवळ येऊ दिलं नाही. हातातला फोन घड्याळासारखा चालू करायचा, पोराने वाचायचं, फोन वाजला की थांबायचं. दोन्ही खोल्यांतली पोरं तिने अशी तपासली आणि कोणालाही काही न सांगता गेली.

त्या दुपारी मालिस चुलाणापाशी तूस सारायला बसली होती. रस उकळत होता, थावी वरची मळी काढत होती. पोर आपल्याशीच काहीतरी पुटपुटत होती. लोम. स्नीप. ताऊत. फेंग. थावीने कान दिला. एकही शब्द ओळखीचा नव्हता.

"काय म्हणतेस ते?"

"आंब्याखालच्या बाईंनी वाचायला दिलेले शब्द."

"त्यांचा अर्थ काय?"

"अर्थ नाही त्यांना," मालिस म्हणाली. "बाईंनी आधीच सांगितलं, अर्थ नसतो, नुसतं वाचायचं."

थावीचा झारा कढईतच राहिला. ज्यांना अर्थ नाही असे शब्द गावात एकच जण म्हणे, तळ्यापलीकडे राहणारा म्हातारा, जो पाण्यावर फुंकर घालून देई आणि हाताला दोरे बांधी. तो कधी बरं करण्यासाठी म्हणे, कधी दुसऱ्याच कशासाठी म्हणे असं लोक बोलत. ते शब्द पोरांनी उच्चारायचे नसतात. थावीने मालिसला उठवून घरात पाठवलं. त्या दिवशीची कढईही बसली नाही.

पुढच्याच आठवड्यात वुथा पडला. शिडीच्या बांबूचं पेर तुटलं. एका हाताने झावळीला लोंबकळला म्हणून वाचला, पण छाती आणि मांड्या खोडाला घासून सोलून निघाल्या आणि मनगट सुजून दुधीएवढं झालं. तो स्वतः म्हणाला, बांबू जुना झाला होता, मीच बदलला नाही. योएन हळद आणि तांदळाची दारू घेऊन लेप लावायला आली. लेप लावता लावता तिने सहज विचारावं तसं विचारलं, तुझी मालिस परवा कढईजवळ काय बोलत होती गं? पिच सांगत होती, त्या खोलीतली सगळी पोरं तसलं बोलतात म्हणे. आमच्या पिचलाही त्या बाईने ते शब्द दिले होते. पण तिला आलेच नाहीत. बरंच झालं.

शब्दांनी गूळ नासतो नि बांबू तुटतो, यावर थावीचा विश्वास नव्हता. पण संशयाला विश्वास लागत नाही, त्याला रिकामी जागा लागते, आणि ज्या घरात गूळ बसत नाही तिथे जागा पुष्कळ असते. वुथाचा भाऊ अर्ध्या रसाच्या बोलीवर झाडावर चढायला येऊ लागला. वुथा हात गळ्यात बांधून चुलाणापाशी बसे आणि डाव्या हाताने तूस सारी. थावी घोटता घोटता विचार करी. चिठ्ठी टाकून आपल्या पोरीला त्या खोलीत घातलं. कोणी घातलं? का घातलं?

एक दिवस ती उठली, कमरेच्या फडक्याला हात पुसले आणि शाळा सुटायच्या वेळी जाऊन दारात उभी राहिली. कानिका बाई खडे गोळा करून डब्यात भरत होत्या. कपाळावर घाम, बोटांना खडूची पूड. थावीने ते शब्द विचारले. बाईंनी न चिडता सांगितलं.

"ओळखीचा शब्द असला की पोर आठवून म्हणतं, मावशी. चित्र बघून म्हणतं. मग त्याला वाचता येतं की नुसतं पाठ आहे ते कळत नाही. कधीच न ऐकलेला शब्द वाचूनच म्हणावा लागतो. एवढ्यासाठीच ते असतात."

थावीला ते कळलं, आणि कळलं म्हणून बरं वाटलं नाही. तिने पुढचं विचारलं. पलीकडच्या खोलीत असं का नाही?

"तिथं जुन्या पद्धतीनंच शिकवायचं ठरलंय. दोन्हींत पोरं कुठं लवकर वाचतात ते बघतायत."

"बघतायत. म्हणजे अजून माहीत नाही."

"दुसऱ्या देशांत पुष्कळ अभ्यास झालाय, तिथं दिसलंय की—"

"मी इथलं विचारते."

बाईंनी डब्याचं झाकण लावलं. "इथलं अजून नाही," त्या म्हणाल्या.

"मग माझी पोर कुठल्या खोलीत बसवायची ते मला विचारलं होतं का कोणी?"

"नाही." डबा खिडकीत ठेवत त्या म्हणाल्या, "मलाही विचारलं नव्हतं."

पण हे शेवटचं थावीने ऐकून घेतलं नाही. तिला हवं ते मिळालं होतं. आपल्या पोरांवर काहीतरी करून बघतायत, ही गोष्ट त्या रात्रीपर्यंत प्रत्येक चुलाणापाशी पोचली. तिच्यात कोणी थोडं मीठ घातलं, कोणी थोडं तिखट. आठवडा संपायच्या आत कानिका बाईंच्या खोलीत निम्मी पोरं येईनाशी झाली आणि मुख्याध्यापकांना सभा बोलवावी लागली.

सभा शाळेच्या अंगणात झाली. गावप्रमुख होता, मुख्याध्यापक होते, सिम गुरुजी हातावर हात ठेवून बसले होते. पहिल्यांदा थावी बोलली. एवढ्या लोकांसमोर ती आयुष्यात बोलली नव्हती, पण तोंड उघडल्यावर शब्द आपोआप आले. ती म्हणाली, आमची पोर काही कोंबडीचं पिल्लू नाही, ह्या टोपलीत घालून बघ, त्या टोपलीत घालून बघ म्हणायला. लोकांनी हुंकार दिला. मग कोणीतरी म्हणालं, पोरींनाच उभं करा, दिसेल. पिच उभी राहिली आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत धाड्धाड म्हणून गेली. मालिस उभी राहिली आणि पहिल्या ओळीतच थांबली. मागे बायका हसल्या. मालिसने आईकडे बघितलं. थावी जिंकत होती आणि तिची पोर तिच्यासमोर हरत होती, आणि दोन्ही एकाच वेळी कसं होतं ते तिला उमगेना. कानिका बाई उठून म्हणाल्या, दोघींना दोघींनीही न पाहिलेलं एखादं पान द्या. मुख्याध्यापक म्हणाले, त्याची गरज नाही, सगळ्यांनी बघितलं.

फाल्गुनात कानिका बाईंची बदली झाली. बाजारगावच्या शाळेत पाठवल्या असं कळलं. त्यांची पोरं सिम गुरुजींच्या खोलीत, मागच्या रांगेत बसवली.

मालिस रोज जाई आणि रोज गप्प येई. वुथाने विचारून विचारून काढून घेतलं. गुरुजी पान काढायला सांगतात, सगळी पोरं पान म्हणून टाकतात, मालिसचं बोट अजून पहिल्या ओळीखालीच असतं. गुरुजी पट्टीने तिचं बोट पुस्तकावरून उचलतात. मारत नाहीत, नुसतं उचलतात, आणि म्हणतात, हे काय, मुंगी चालली का? मग खोलीतली पोरं तिला मुंगी म्हणायला लागली. थावी म्हणाली, होईल सवय. आणि कढई घोटत राहिली. बाई जाऊन महिना होत आला होता, ते शब्द आता कोणी म्हणत नव्हतं, आणि गूळ तरीही बसत नव्हता. हे थावीच्या ध्यानात आलं होतं. तिने ते कोणाला बोलून दाखवलं नाही.

चैत्रात नवं वर्ष आलं. चुलाणं विझली, लोकांनी अंगाला लागलेला धूर घासून काढला आणि धुतलेले कपडे घालून सगळं गाव विहारात लोटलं. अंगणात नव्या वर्षाच्या पुण्यासाठी वाळूचे ढीग केलेले, पोरं एकमेकांवर पाणी आणि पांढरी पूड उडवत होती. थावीने भाताचा डबा भिक्खूंच्या ओट्यावर ठेवला आणि दरवर्षीप्रमाणे मालिसला घेऊन मोठ्या दालनात गेली.

दालनाच्या आतल्या भिंतींवर नावं रंगवलेली होती. दालन बांधलं तेव्हा ज्यांनी ज्यांनी काही दिलं त्यांची, नाहीतर त्यांच्या मेलेल्या माणसांची. थावीने तेव्हा गवंड्यांच्या जेवणासाठी अख्ख्या हंगामाचा गूळ दिला होता, आपल्या आईचं नाव भिंतीवर यावं म्हणून. विहाराच्या कारभाऱ्याने सांगितलं होतं, नाव आलंय, तिकडे खांबाजवळ. आणि हात केला होता. तेव्हापासून खांबाजवळची, खालून तिसरी ओळ थावीची होती. ती तिथे उदबत्ती धरी, कपाळ टेकवी, आणि आईला वर्षाचं सगळं सांगे. यंदा सांगण्यासारखं फारसं चांगलं नव्हतं.

ती डोळे मिटून बसली होती तेव्हा शेजारून मुंगीच्या चालीने आवाज आला.

"के… ओ. केओ. सा… रु… न. केओ सारुन."

थावीने डोळे उघडले. मालिसचं बोट त्या ओळीखाली होतं.

"काय करतेस? आजीचं नाव आहे ते."

"आजीचं नाव केओ सारुन होतं?"

"छिएम. नोप छिएम. नीट बघ."

मालिसने नीट बघितलं. पुन्हा बोट ठेवून, पुन्हा तसंच, तुकडे जोडत गेली. तिथे केओ सारुनच होतं. थावीला पहिल्यांदा वाटलं ते हेच, की ही त्या खोलीतलीच शिकवण. अर्थ नसलेलं बोलायला शिकवलं, तसंच आता नसलेली नावं वाचायला लागली. तिने मालिसचा दंड धरून तिला बाजूला केलं. तेवढ्यात एक तरुण भिक्खू दिवे घेऊन जात होता. थावीने हात जोडले आणि विचारलं, महाराज, ह्या ओळीत काय आहे? तो वाकला, वाचलं, म्हणाला, केओ सारुन, आणि दिवे घेऊन निघून गेला. त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही.

थावी तशीच बसून राहिली. केओ सारुन कोण ते तिला माहीत नव्हतं. नावावरून कोणीतरी पुरुष. इतकी वर्षं ती त्याच्यासमोर रडली होती. त्याला तिने गर्भ गळून गेल्याचं सांगितलं होतं, वुथाशी झालेली भांडणं सांगितली होती, आईशिवाय कोणाला सांगू नये असलं सगळं. हातातली उदबत्ती जळून राख तिच्या गुडघ्यावर पडली. मग कारभाऱ्याचा राग आला. गूळ खाल्ला आणि नाव लिहिलंच नाही. तिने खात्रीच करून टाकली. ती उठून त्याला चार लोकांत धरणारच होती.

पण मालिस तोवर भिंतीच्या कडेने निघाली होती. सिम गुरुजींच्या खोलीत महिनाभर गप्प बसलेली पोर, तिला कोणी सांगितलं नव्हतं, कोणी थांबवत नव्हतं. एकेका नावाखाली बोट. काही नावं ती पुरी वाचे. काहींत मध्येच थांबे आणि सरळ म्हणे, "हे अजून आलं नाही," आणि ते अक्षर सोडून पुढचं वाची. थावी तिच्या मागे मागे चालू लागली. आधी लक्ष ठेवायला. पोर कुठेतरी फसवेल, अंदाजाने काहीतरी ठोकून देईल, म्हणून ती वाट बघत होती. पण पोर ठोकून देत नव्हती. जिथे येत नव्हतं तिथे थांबत होती. अक्षरं म्हणताना थावी स्वतः कधीच थांबली नव्हती. पिचही थांबली नव्हती. पाठ असलेलं माणूस थांबत नाही.

योएन आणि पिचही दालनात आल्या होत्या. योएनने कौतुकाने पिचला पुढे केलं, म्हणाली, तूही वाच की, आपल्या आजोबांचं नाव आहे इथे कुठेतरी. पिचने भिंतीकडे बघितलं, मग आईकडे, आणि कॉ, खॉ, को म्हणायला सुरुवात केली. योएनचं हसू जागच्या जागी राहिलं. थावीला वाटलं होतं असं काही झालं तर आपल्याला आनंद होईल. झाला नाही. तिने तोंड वळवलं.

दालनाच्या मागच्या भिंतीला, पाण्याच्या रांजणाजवळ, एकाखाली एक, नोपने सुरू होणारी बरीच नावं होती. मालिस उकिडवी बसली.

"नोप… हे अजून आलं नाही." मग पुढे सरकली. "इए… म." ती मागे वळली. "आई, नोप, मग एक माहीत नाही, मग इएम."

थावी तिच्या बाजूला गुडघ्यांवर बसली. रांजणातून पाणी सांडून तिथली फरशी ओली होती. नाव छोटं होतं, निळ्या रंगात, एका बाजूने ओल लागून पापुद्रे सुटायला आलेलं. कारभाऱ्याने लिहिलं होतं. हात केला तो नुसता वेगळ्या खांबाकडे केला होता, किंवा तिनेच वेगळा खांब धरला होता.

"छ," थावी म्हणाली. "ते छ आहे."

"कशावरून?"

"आजीचं नाव छिएम. बाकीचं तू वाचलंस. मग मधलं छच उरलं."

मालिसने त्या अक्षरावर बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि उठून पळाली. थोड्या वेळाने दालनाच्या दुसऱ्या टोकाकडून तिचा आवाज आला. तिला आणखी एका नावात छ सापडला होता. थावीने उदबत्ती पुन्हा पेटवली. आईला बऱ्याच वर्षांचं सांगायचं राहिलं होतं.

नव्या वर्षानंतर वुथाच्या मनगटाची सूज उतरली आणि हंगामही उतरणीला लागला. थावीने उरलेल्या काकवीच्या बरण्या बांधल्या, दिराच्या मोटरसायकलवर मागे बसून मालिसला मध्ये घेतलं आणि बाजारगावाला गेली. तिथली शाळा शोधायला वेळ लागला नाही. कानिका बाई अंगणात पोरांना पाणी देत होत्या. थावीला बघून त्यांच्या तोंडावर काहीच आलं नाही. पाण्याचा पेला तेवढा हातात तसाच राहिला.

"आता काय झालं?" त्या म्हणाल्या.

थावीने काकवीची बरणी पायरीवर ठेवली. बाई बरणीला शिवल्या नाहीत. थावीने भिंतीचं सांगितलं. सांगताना गोष्ट लांबली, कारण केओ सारुनपासून सुरुवात करावी लागली आणि त्यात तिची स्वतःची फजिती होती. बाई ऐकत होत्या, पण अंतर राखून. शेवटी त्यांनी एकच विचारलं.

"छ तिला कोणी सांगितला? मी शिकवला नव्हता. सिम गुरुजींनी?"

"मी."

"तुम्हाला वाचता येतं, मावशी?"

"नाही."

कानिका बाई पायरीवर बसल्या. मालिसला जवळ बोलावलं, धुळीत बोटाने एक शब्द लिहिला, छ असलेला, आणि चित्र वगैरे काही नव्हतंच. मालिसने तो वाचला. बाईंनी दुसरा लिहिला. त्यात एका ठिकाणी पोर थांबली, आणि बाईंच्या तोंडावर पहिल्यांदा काहीतरी हललं.

त्यांना परत पाठवणार नव्हते. ते त्यांनी स्पष्ट सांगितलं. आंब्याखालच्या बाईने काय मोजलं, कुठल्या खोलीतली पोरं पुढे निघाली, तेही त्यांना कोणी कळवलं नव्हतं, आणि खोलीच मोडल्यावर आता कोणी कळवेल असं त्यांना वाटत नव्हतं. पण गुरुवारी शाळेला सुट्टी असते आणि बाजारही असतो. थावी काकवी घेऊन येणारच. पोरीला आणा, त्या म्हणाल्या, उरलेली अक्षरं आपण करू.

तेव्हापासून पाऊस लागेपर्यंत दर गुरुवारी मालिस काकवीच्या बरण्या आणि अर्धवट बसलेल्या गुळाच्या टोपलीमागे पोत्यावर बसे, आणि बाई तिच्याशेजारी. नंतर मागच्या रांगेतलं आणखी एक पोर येऊ लागलं. आणि एकदा, गावात कोणाला न सांगता, योएनने पिचला थावीबरोबर पाठवलं. थावी गिऱ्हाईक सोडून तिकडेच बघत असे. खडा सरकला की बघे, बाईंचं बोट कुठे आहे ते बघे, काही झाकलं तर मान पुढे काढून बघे. एकदा गिऱ्हाईक रागावून निघून गेलं.

"अजून काय बघता, मावशी?" कानिका बाईंनी विचारलं.

"तुम्ही काय करता ते," थावी म्हणाली. "नाही पटलं तर परत बोलेन. सभेत बोलेन."

"बोला. पण आधी मला येऊन विचारा."

"आले होते की विचारायला. तुम्ही लोकांनीच आधी विचारलं नव्हतं."

कानिका बाईंनी यावर मान खाली घातली, पोत्यावरचे खडे एका ओळीत लावले आणि मग म्हणाल्या, "मालिसला आज ह शिकवू का?"

थावीने टोपलीतला एक काळपट, अर्धवट बसलेला गुळाचा खडा तोडला, जिभेवर ठेवला, आणि थोडा वेळ विचार केल्यासारखं करून म्हणाली, "शिकवा."